संकटासाठी राखून ठेवलेले पैसे

ती. ताईस,

वाकून नमस्कार. तू पाकीट उघडलंस म्हणजे निम्मं काम झालं. फाडायचं असेल तर निदान वाचून फाड. तुझा खोकला कसा आहे? (व्हॅन दोन महिने बंद असल्यामुळे धुरापासून तुझी सुटका झाली असेल, असं एक वाक्य मी इथे लिहिलं होतं. ते खोडलं आहे. शाईखालून वाचता येत असेल तर वाचू नकोस.) इकडे आम्ही तिघंही बरे आहोत. माझी एक दाढ गेली, पण तो विषय पुढे ओघाने येईल.

आठ आठवडे तू माझा फोन घेत नाहीस आणि तुझं बरोबर आहे. हे आधीच कबूल करतो, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा राहील. तू शाळेच्या व्हॅनच्या गिअरबॉक्ससाठी पैसे मागितलेस. माझ्याकडे आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलंस. आणि मी काय पाठवलं, तर एका पुस्तकातल्या 'नातेवाइकांना पैसे देण्यापूर्वी' या प्रकरणाची झेरॉक्स, त्यातल्या दोन ओळी पट्टी लावून अधोरेखित केलेल्या. पट्टी लावली होती हे डायरीत नोंदवलेलं आहे, त्यामुळे नाकारता येत नाही. आता शाळा पंधरा तारखेला उघडते आणि तू व्हॅन भंगारात द्यायचं ठरवलंयस, हे भावोजींकडून कळलं. (त्यांच्यावर चिडू नकोस. पहिल्या चार फोनला त्यांनी हवापाण्याच्या गप्पा मारल्या, पाचव्याला थकले.) व्हॅन जाऊ नये म्हणून हे पत्र. तू खुशाल रागावलेली राहा, पण व्हॅन विकायची नाही. हा मुद्दा मी शेवटपर्यंत सोडणार नाही.

तर ते पुस्तक. दोन वर्षांपूर्वी घेतलं. मुखपृष्ठावर एक गृहस्थ हाताची घडी घालून हसताहेत आणि आत श्रीमंत होण्याचे एकवीस नियम आहेत. नियम दिसला की मी तो पाळतो, हे तुला मी सांगायला नको. बागेत 'गवतावर चालू नये' अशी पाटी होती म्हणून मी तुला तुझाच चेंडू आणू दिला नव्हता. पहिला नियम किरकोळ खर्चाचा. रोजचे दोन चहा सोडले तर वीस वर्षांत एका खोलीची किंमत जमते, असं कोष्टक दिलं आहे. आमच्याकडे (चष्म्याच्या काचा घासायचा कारखाना, मी तयार काचा तपासतो, तुला ठाऊक आहे, पण पत्र पूर्ण असावं) अकराला आणि चारला सगळे घासण्याच्या खोलीबाहेरच्या टेबलाशी चहाला जमतात. मी अकरा महिने गेलो नाही. घरून थर्मास नेला. थर्मासची किंमत सत्तर चहांइतकी होती आणि तो एकोणसाठाव्या चहाला गळू लागला. पण खरं नुकसान ते नाही. प्रमुख तपासनीस नोकरी सोडताहेत, त्या जागेसाठी आतल्याच कुणाला घेणार आहेत, अर्ज सोमवारपर्यंत द्यायचा आहे, हे सगळं त्या टेबलाशी बोललं गेलं. मला मंगळवारी कळलं. ती जागा मला मिळालीच असती असं मी म्हणत नाही. (डायरीत यावर तीन पानं आहेत, शक्यता शेकडा चाळीस धरली आहे.) पण त्या जागेचा जास्तीचा पगार रोजच्या बावीस चहांइतका आहे, आणि त्या कोष्टकात असा रकानाच नाही.

पुढचा नियम राखीव निधीचा. सहा महिन्यांचा घरखर्च वेगळ्या खात्यात ठेवायचा आणि खऱ्या संकटाशिवाय त्याला हात लावायचा नाही. चौदा महिन्यांत जमवला. पण खरं संकट कशाला म्हणायचं, हे त्या गृहस्थांनी लिहिलेलं नाही. ते मी ठरवलं. अचानक आलेलं, अनपेक्षित आणि टाळता न येणारं, अशा तीन कसोट्या कागदावर लिहून फ्रिजवर लावल्या. तिन्ही उतरल्या तरच पैसे काढायचे. ताई, तेव्हापासून आमच्या घरात एकही संकट आलेलं नाही. कपडे धुण्याचं मशीन बंद पडलं, पण ते सहा महिने घरघरत होतं, म्हणजे अनपेक्षित नाही. माझी दाढ दुखायला लागली, पण डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वीच बजावलं होतं, म्हणजे टाळता आलं असतं. चार महिने डाव्या बाजूने जेवलो, आणि नुसती भरून भागलं असतं ती दाढ शेवटी काढावी लागली, तिप्पट खर्चाने. (तो पगारातून केला. निधी शाबूत.) मग ओट्याखालचा पाइप फुटला. आमची ही शाळेत गणित शिकवते, त्यामुळे प्रश्न नेमका विचारते. घोट्याइतक्या पाण्यात बादली घेऊन उभी राहून तिने विचारलं, “प्लंबर मागेच म्हणाला होता, पाइप बदला. म्हणजे हे अपेक्षित धरायचं ना? की मी अजून थोडा वेळ उभी राहू?” कन्या खुर्चीवर पाय वर घेऊन बसली होती. ती म्हणाली, “बाबा, आपल्याकडे बुडायचं असेल तर आधी अर्ज द्यावा लागतो का?” मी दुसऱ्या कसोटीवर विचार करत होतो.

अशा माणसाकडे तू गिअरबॉक्ससाठी पैसे मागितलेस. वर बोलण्याच्या ओघात सांगूनही टाकलंस की तिसरा गिअर वर्षभर कुरकुरतोय. झालं, अनपेक्षित नाही. झेरॉक्स पाकिटात घालताना हिने पाहिलं आणि काही बोलली नाही. मी ती संमती समजलो. (वीस वर्षांच्या संसारानंतर ही चूक शोभत नाही.) गेल्या पंधरवड्यात एका रविवारी भाजी निवडता निवडता बोलली, आणि तेही एवढंच, “तुझी बहीण दोन महिने तुझ्याशी बोलत नाहीये. हे तुझ्या कागदात कुठे बसतं?” मी फ्रिजपाशी जाऊन कागद पुन्हा वाचला. अचानक म्हणता येत नव्हतं. अनपेक्षित तर मुळीच नव्हतं. टाळता तर सहज आलं असतं. तिन्ही कसोट्यांना ते नापास झालं, आणि तेव्हा मला पहिल्यांदा कागदाविषयी शंका आली.

त्याच दुपारी एकोणिसावा नियम पाळायला बसलो: आयुष्यभरातल्या सगळ्या गुंतवणुकी आणि त्यांचा परतावा एका पानावर मांडा. मांडल्या. विमा, मुदत ठेवी, शेजारच्या टेबलावरच्या मित्राने सुचवलेले शेअर (उणे). सगळं मिळून महागाईच्या मागे धापा टाकत पळतंय, एवढंच. मग काही लपवायचं नाही म्हणून डिप्लोमाची फीसुद्धा लिहिली, आणि पुढच्या रकान्यात बावीस वर्षांचा पगार. घरातलं झाडून सगळं त्या एका ओळीतून आलेलं आहे. आणि ती फी मी भरलेली नाही. जुनी डायरी काढून खात्री केली. ती तू भरलीस, स्वतःच्या पहिल्या गाडीसाठी साठवलेल्या पैशांतून, आणि पुढची तीन वर्षं दुसऱ्याचा टेम्पो चालवलास. पुस्तकाप्रमाणे त्या दिवशी तू एका दमात पाच नियम मोडलेस. नातेवाइकाला पैसे दिलेस, कागद केला नाहीस, तारण घेतलं नाहीस, सगळी पुंजी एकाच ठिकाणी घातलीस, आणि ती जागा आधी एकदा नापास झालेली होती. परतावा तर सगळा भलत्यालाच मिळाला. त्या गृहस्थांनी तुला वर्गाबाहेर उभं केलं असतं. (त्यांचा परिचय मागच्या पानावर बारीक टायपात आहे. वडिलांनी मागे ठेवलेल्या तीन दुकानांचं भाडं येतं, असं त्यात म्हटलंय. बारीक दोष शोधायचा पगार घेऊनही मी ते दोन वर्षांनी वाचलं.)

पुस्तक साफ खोटं आहे, असं मात्र मी लिहिणार नाही. ते अन्यायाचं होईल. पैसे बाजूला ठेवायची सवय त्यानेच लावली, आधी आमच्याकडे महिन्याचे शेवटचे आठ दिवस फार लांब असायचे. पण श्रीमंत कुणी झालं नाही, आणि चहा सोडून होणारही नव्हतं. आम्ही जे काही बरे आहोत ते पगारामुळे, आणि पगार आहे तो वेळेला कुणीतरी मागे उभं राहिलं म्हणून. चूक माझी. साठवायचं कसं हे त्यांना विचारणं ठीक होतं. साठवलेलं कुणासाठी, हेही त्यांनाच विचारत बसलो.

तर विनंती. गिअरबॉक्सचे पैसे माझ्याकडून घे. उसने म्हणू नकोस, भेट म्हणू नकोस, काहीच नाव दिलं नाहीस तरी चालेल. नको म्हणालीस तर मी पुन्हा लिहीन, आणि ते पत्र याहून लांब असेल. अर्थात निर्णय तुझा. सावकाश विचार कर.

भावोजींना नमस्कार सांग.

तुझा (अजून धरत असशील तर)
धाकटा

ता. क. 'निर्णय तुझा, सावकाश विचार कर' हे लिहिताना फार बरं वाटलं, म्हणून राहू दिलं आहे. ते खरं नाही. सोमवारी तुझा मेकॅनिक 'भंगारवाल्याला दाखवायच्या आधी एकदा बघतो' म्हणून व्हॅन ओढून घेऊन गेला, तो माझ्या सांगण्यावरून. पैसे त्याला पोचले आहेत. गिअरबॉक्स खाली उतरवून त्याच्या टेबलावर सुटा पडला आहे. अर्ध्या दिवसाची रजा टाकून, दोन बस बदलून मी स्वतः पाहून आलो. (तुझ्या गल्लीच्या तोंडापर्यंतही आलो होतो. पुढे आलो नाही.) अशा अवस्थेतल्या गाडीला भंगारवाला जो भाव देईल, तो तू घेणार नाहीस, एवढं मी तुला ओळखतो.

आणखी एक. खरं काम राहूनच गेलं. मेकॅनिक म्हणतो, क्लच प्लेटही झिजली आहे, जुनीच ठेवायची की नवी घालायची? मी म्हटलं, नवी घाल. तो म्हणाला, “साहेब, पैसे तुमचे असतील, गाडी ताईंची आहे. त्यांनी सांगितल्याशिवाय मी आता पुढे पाना लावत नाही.” पुढे असंही म्हणाला, की तुम्हाला गाडीतलं काही कळत नाही हे ताई नेहमी सांगतात. पंधरा तारखेच्या आत व्हॅन हवी तर त्याला पुढच्या गुरुवारपर्यंत उत्तर लागेल. मला नाही कळवलंस तरी चालेल. त्याला कळव.