मा, मी काही केलं नव्हतं

मा,

हरधन साहांचा खून आपणच केला, असं त्यांच्या पुतण्याने कबूल केलं. कोर्टाने माझ्यावरचा आरोप काढून टाकला आणि आज मी गावी आलो. त्या दिवशी मी साहांशी फक्त भांडलो होतो. पण सगळं गाव माझ्यावर उठलं, म्हणून घाबरून कलकत्त्याला पळालो.

तिथे कुमारटुलीत, दुर्गेच्या मूर्तींना पेंढा बांधायच्या कामावर नाव बदलून लपलो होतो. तरी दारोगा तुला घेऊन माझ्यापुढे उभा राहिलाच.

"नीट बघा मासीमा, हाच ना तुमचा सुधामय?"

तू पदराने चष्मा पुसलास आणि बराच वेळ माझ्याकडे बघत राहिलीस.

"नाही हो. माझा मुलगा इतका वाळका नाही."

दारोगा शिपायाकडे वळला, तेव्हा तू पुटपुटलीस, "जे केलंस त्याची देवीकडे माफी माग, बाळा. मी कधीच केलंय माफ."

मी तोंड उघडलं असतं तर दारोगाने ऐकलं असतं. मी पेंढा बांधत राहिलो आणि तू निघून गेलीस.

पौषात तू गेलीस, हे मला आज शेजारच्या काकीमांनी सांगितलं. खोटी साक्ष दिल्याचं पाप फेडायला तू शेवटपर्यंत एकवेळच जेवत होतीस म्हणे.

मा, तू खुन्याला वाचवलं नाहीस. तुला कसलंच पाप लागलं नव्हतं. तू दोन्ही वेळा पोटभर जेवायला हवं होतंस.

तुझाच,
सुधामय