साष्टांगातून एक अंग वजा

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या बहिणीचा साष्टांग नमस्कार. खरं तर सप्तांग म्हणायला हवा, कारण आठ अंगांपैकी वाचा नावाचं अंग सध्या रजेवर आहे आणि ते कामावर कधी रुजू होईल हे कुणालाच सांगता येत नाही. बाकीची सात ठीक आहेत. तुझी कंबर कशी आहे? भावजींची साखर उतरली का, की अजून तुझी नजर चुकवून डबे उघडतात? मुलांना आशीर्वाद. (हे पत्र मुद्दाम तुझ्या ऑफिसच्या ईमेलवर पाठवतेय. घरच्या फोनवर पाठवलं असतं तर ते आधी मुलांनी वाचलं असतं आणि दिवेलागणीच्या आत आजीला पाठ म्हणून दाखवलं असतं. तूही वाचून झालं की पुसून टाक.) आणि सगळ्यात आधी एक सांगून ठेवते. मी मजेत आहे, मला कसलीही भीती वाटत नाही, आणि हे पत्र निव्वळ तुझ्या करमणुकीसाठी लिहितेय.

झालं असं की दोनेक महिन्यांपूर्वी माझा आवाज बसला. त्यात नवीन काही नाही. तेरा वर्षांच्या मुलांना भूमिती शिकवायची, तीही परक्या भाषेत, म्हणजे निम्मं काम आवाजावरच निभवावं लागतं. (जिथे शब्द सापडत नाही तिथे मी आवाज चढवते. आपल्या घराची हीच पद्धत आहे, आणि बाबांनी मला नगारा हे नाव काही उगाच ठेवलेलं नाही.) तेव्हा मी नेहमीचे उपाय केले. मिठाच्या गुळण्या, ज्येष्ठमध आणि दुर्लक्ष. यातलं तिसरं औषध मला आजवर हमखास लागू पडलंय. या वेळी पडलं नाही. आवाज आधी फाटला, मग मधूनमधून गळायला लागला. ‘त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज’ एवढं ऐकू यायचं आणि ती किती ते मुलांनी माझ्या ओठांवरून ओळखायचं. शेवटी एक दिवस मुख्याध्यापिका वर्गाच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या, थोडा वेळ ऐकलं, म्हणजे ऐकायचा प्रयत्न केला, आणि तास संपल्यावर घशाच्या डॉक्टरीणबाईंचा पत्ता माझ्या हातात ठेवला.

डॉक्टरीणबाई वयाने माझ्या विद्यार्थिनी शोभतील अशा. त्यांनी विचारलं, दिवसातून साधारण किती बोलता? मी सांगायला लागले. शाळेचे तास, मधल्या सुट्टीत मैदानावरची देखरेख, पालकांचे फोन, रविवारी आईशी, शिवाय भाजी चिरताना मी स्वतःशीही बोलते, कारण दुसरं कुणी नसतं, आणि झोपेत बोलते असं तू लहानपणी म्हणायचीस तेही सांगितलं. त्या मान हलवत ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, कळलं. (मला वाटलं, किती समजूतदार बाई. घरी आल्यावर उमगलं की निम्मी तपासणी तेवढ्यातच उरकली होती.) मग त्यांनी माझ्या नाकातून एक बारीक नळी घातली आणि समोरच्या पडद्याकडे बघायला सांगितलं. ज्यांच्या जिवावर इतकी वर्षं पोट भरलं त्या स्वरतंतूंचं अशा रीतीने दर्शन घडलं. तेलात भिजवून ठेवलेल्या दोन वातींसारखे दिसतात. डाव्या वातीवर एक गाठ होती. त्या म्हणाल्या मसुराच्या दाण्याएवढी, मला पडद्यावर लिंबाएवढी दिसत होती. त्यांनी ‘ई’ म्हणायला सांगितलं. मी म्हटलं. दोन्ही वाती जवळ आल्या आणि गाठीपाशी अडल्या. ताई, तेव्हा मला हसू आलं नाही.

तर गाठ काढायची आहे, येत्या गुरुवारी. काढली की ती तपासायला पाठवणार. तोपर्यंत पूर्ण मौन. कुजबुजसुद्धा चालत नाही, कुजबुजीने म्हणे तंतूंवर आणखी ताण पडतो. गाठ साधीच असेल ना, असं मी विचारलं. (तो माझा शेवटचा प्रश्न. एवढा महत्त्वाचा प्रश्न मी इतक्या थोडक्यात कधी विचारला नव्हता.) त्या म्हणाल्या, ‘‘बहुतेक.’’ आता मी शाळेत संभाव्यता शिकवते. पिशवीत इतके लाल चेंडू, इतके पांढरे, तर लाल निघण्याची शक्यता किती, अशी शेकडो गणितं मी फळ्यावर सोडवली असतील. ‘बहुतेक’चं गणित मात्र मला सुटत नाही. सकाळी दात घासताना ते जवळजवळ एक येतं आणि शाळेच्या वाटेवर, काही कारण नसताना, अर्ध्याच्या खाली उतरतं. गाठ साधी निघाली तरी आवाज पूर्वीसारखा येईल का, याचंही उत्तर बहुतेकच. आवाज नाही तर शाळा नाही, आणि शाळा नाही तर इथे राहण्याचा परवाना नाही, एवढं मात्र नक्की.

रजा घ्यावी तर बदली शिक्षक मिळेना, म्हणून मी मुक्यानेच शिकवतेय. पहिल्या दिवशी फळ्यावर लिहिलं की डॉक्टरांनी मला बोलायला मनाई केली आहे. म्हटलं, आता ही कार्टी शाळा डोक्यावर घेणार. तर वर्ग चिडीचूप. मागच्या बाकावर एक मुलगी आहे, तिचं तोंड मी वर्षभरात बंद करू शकले नव्हते, तिने पाणी प्यायला जाऊ का हे हातवारे करून विचारलं. मी आकृती काढते, मुलं बघतात, चुकलं की मी खडूने टकटक करते, ती पुसतात आणि पुन्हा काढतात. परवा चाचणी घेतली, तर वर्गाला वर्षातले सगळ्यात चांगले गुण. म्हणजे इतके दिवस मुलं आणि भूमिती यांच्या मधे नेमकं कोण उभं होतं ते सिद्ध झालं. (सिद्धता संपूर्ण.) मुख्याध्यापिका अभिनंदन करायला आल्या. मी हात जोडले, दुसरं काय करणार?

खालच्या मजल्यावर घरमालकीण राहते, म्हातारी आहे, एकटीच. मी इथे आले त्या सुमारास तिने मला अदबीने सुचवलं होतं की रविवारी फोनवर मी ज्या कुणाशी भांडते, त्याच्याशी जरा हळू भांडावं. (मी आईला तिच्या गुडघ्याचं विचारत होते.) आता वरून काहीच ऐकू येईना, तेव्हा काल ती कठड्याला धरधरून जिना चढून आली आणि माझा हात हातात घेऊन म्हणाली, घरी कुणी गेलं का? मी नकारार्थी मान हलवली आणि घशाकडे बोट दाखवलं. मग ती बसली आणि तिने नवऱ्याच्या दुखण्याची सगळी हकीकत सांगितली. मला मधे तोंड घालता येत नसल्यामुळे ती मी शेवटपर्यंत ऐकली, आणि ऐकायला नको होती, कारण त्याचंही घशापासूनच सुरू झालं होतं. उठताना तिने जाहीर केलं की गुरुवारी ती माझ्याबरोबर इस्पितळात येणार. नको म्हणायला फार हातवारे लागतात, त्यामानाने हो म्हणणं सोपं, म्हणून मी हो म्हटलं.

असो. हे सगळं फक्त तुला कळावं म्हणून लिहिलं, माझं तुझ्याकडे काही काम नाही. गोळ्या वेळेवर घे, वाकून काही उचलू नकोस. लोभ आहे तेवढा पुरे, गुरुवारपर्यंत कमी होऊ देऊ नये.

तुझा (तूर्त न वाजणारा)
नगारा

ता.क. काम एक आहे. गेले दोन रविवार मी आईला ‘नेटवर्क नाही’, ‘मीटिंग आहे’ असे मेसेज पाठवून वेळ मारून नेली. तिला धड दिसत नाही, बाबा वाचून दाखवतात. बाबांच्या हृदयाचं नुकतंच झालंय आणि डॉक्टरांनी त्यांच्या मनाला जपायला सांगितलंय, तेव्हा दोघांनाही यातलं काही कळता कामा नये. तुझा आणि माझा आवाज एक. साखरपुडा झाल्यावर भावजी फोनवर माझ्याशीच पाव तास गोड बोलले होते, आठवतं ना? (मी ‘इश्श’ एवढंच म्हणत होते.) म्हणून यापुढे दर रविवारी तू आईला माझ्या नावाने फोन करायचास. सुरुवातीला इथल्या हवेला नावं ठेव. आई बोलत असताना मधेच बोल. तुझ्यासारखं ‘हो ना, हो ना’ करू नकोस, मी तिचं लगेच कधीच कबूल करत नाही. किती रविवार करावं लागेल ते मला सांगता येत नाही.

ता.क. दुसरा. वरचं लिहून पाठवणार, तेवढ्यात फोन वाजला आणि सवयीने मी तो उचलला. आई होती. मी श्वाससुद्धा रोखून धरला. ती म्हणाली, ‘‘बोलू नकोस. हे भाजी आणायला गेलेत, तेवढ्यात उरकून घेऊ. तू दोन ओळींच्या मेसेजात मावलीस, तेव्हाच मला कळलं. आता एकदा टकटक म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. घशाचं आहे?’’ मी पेनने टेबलावर एकदा टकटक केलं. कापणार? एकदा. सोबतीला कुणी आहे? एकदा. कोण ते तुला सांगता येत नाही हे बरंय, म्हणाली, नाहीतर अर्धा तास गेला असता. मग म्हणाली, ‘‘ताईला तुझ्या आवाजात मला फोन करायला लावणार असशील.’’ मी गप्प. म्हणजे मी गप्पच होते, पण पेनही गप्प. ‘‘कर टकटक.’’ केलं. ‘‘करू दे तिला फोन, पण यांना. यांना तुम्हा दोघींचे आवाज अजून ओळखता येत नाहीत. मला तुम्ही पाळण्यात रडायचात तेव्हापासून येतात.’’

शेवटी तिने विचारलं, भीती वाटते का? मी दोनदा टकटक केलं. ती म्हणाली, नीट कर. मग मी एकदा केलं. क्षणभर मला वाटलं फोन कट झाला. मग तिकडून, स्वयंपाकघराच्या ओट्यावर वाटी टेकवावी तसं, एकदाच टकटक झालं.

तेव्हा ताई, रविवारी बाबांना माझ्या आवाजात फोन कर. आणि गुरुवारी आईला तुझ्या.