वल्हं

चि. मकरंद, अनेक आशीर्वाद.

सुट्टीत आलेल्या तुझ्या पोरांना काल आपल्या नावेतून क्षिप्रेत फिरवलं. ऐन मधोमध माझा उजवा हात लुळा पडला. वल्हं सुटून वाहून गेलं आणि मी नुसता बघत बसलो. पोरांना वाटलं, आजोबा मस्ती करताहेत. टाळ्या पिटत ईरा ओरडली, "आजोबा, फिर से!" शेवटी रामघाटावरच्या एका नाववाल्यानं आम्हाला ओढत काठाला आणलं.

संध्याकाळी देवास गेटच्या एसटीडी बूथवरून ईरानं तुला फोनवर सगळं सांगितलं. तू इतका हसलास की शेजारी उभ्या असलेल्या मलाही ऐकू आलं. मग मीही हसलो.

हे डाव्या हातानं लिहितोय. अक्षर बघितलंस, तर पोरांना पुन्हा माझ्याकडे पाठवणार नाहीस. म्हणून पत्र उशीखालीच ठेवतो.

ईरा चपला घालून दारात उभी आहे. नावेत कधी जायचं, विचारतेय.

तुझा,
बाबा