छोट्या कॅमेऱ्यावरचा आळ

आबा, काल परभणीहून नवा कॅमेरा आणला आणि आज सकाळी त्याच्यासाठी मी स्वतःलाच इजा करून घेतली. उजव्या हाताने डाव्या दंडाला अशी पकड घातली की डोळ्यांत पाणी आलं, तरी सोडली नाही. शंभरपर्यंत आकडे मोजले. हात काढला तेव्हा चार बोटं आणि एक अंगठा, लालभडक, जसेच्या तसे उमटले होते. मग स्टुडिओच्या खिडकीपाशी बसून आधी नव्या कॅमेऱ्याने आणि नंतर त्या जुन्या डबीने त्याच वळांचे फोटो काढले. चाळिशीला टेकलेली बाई, बाहेर पासपोर्ट फोटोवाली गिऱ्हाइकं खोळंबलेली, आणि मी आत पडदा ओढून हे उद्योग करत बसलेली. तुम्ही असतात तर आधी टपली मारली असतीत आणि मग विचारलं असतंत की कशासाठी. कशासाठी तेच सांगायला बसले आहे, पण आडवळणाने येणार. सरळ यायची हिंमत सोळा वर्षांत झाली नाही.

नव्याला मिररलेस म्हणतात. तुमच्या मोठ्या कॅमेऱ्यात आरसा वर उडायचा, खटॅक व्हायचं आणि वरातीतली घोडी दचकायची. याच्यात आरसाच नाही, म्हणून आवाजही नाही. डोळा लावला की फोटो कसा येणार ते दाबायच्या आधीच आत दिसतं. काळा येणार असेल तर काळा, पांढराफटक येणार असेल तर पांढराफटक. चुकायची सोयच ठेवलेली नाही. त्याच्यापुढे तुमची डबी म्हणजे खेळणं. पत्त्याच्या कॅटाएवढी, शर्टाच्या खिशात मावणारी. चालू केली की नळी बाहेर येते, बटण दाबलं की काढलेला फोटो दोन सेकंद मागच्या काचेवर दिसतो आणि जातो. मी बी.ए. झाले तेव्हा तुम्ही ती नांदेडहून आणून माझ्या हातात ठेवली होती. ‘पोरीला शिलाई मशीन घेऊन दिली आस्ती तर चार झंपर तरी शिवले आस्ते,’ असं शेजारचा टेलर म्हणाला, तर तुम्ही त्याच्या अंगावर धावून गेलात. पालमच्या स्टँडसमोर केवढी गर्दी जमली होती! मला तेव्हा लाज वाटली. आता तो दिवस आठवला की ऊर भरून येतो.

तुमचा राग आणि तुमची विद्या मला एकाच हाताने मिळाली. फोटोत कुणाचं मुंडकं कापलं गेलं की माझ्या डोक्यावर टपली बसायची. पोलीस तुम्हाला पंचनाम्याला न्यायचे, बांधावरच्या मारामाऱ्या, फुटलेली डोकी, रस्त्यावर पडलेली माणसं, आणि घरी आल्यावर तुम्ही जेवत नसायचात, मला शिकवत बसायचात. ‘वळ घ्यायचे आसले तर समोरून फ्लॅश मारायचा न्हाई. पार पुसून जातेत. खिडकीकडनं घ्यायचं, तिरप्या उजेडात.’ हे मी किमान पन्नास वेळा ऐकलं असेल.

सोळा वर्षांपूर्वी ती बाई आली त्या दिवशी तुम्ही मोठा कॅमेरा घेऊन सोनपेठला लग्नाला गेला होता. स्टुडिओत मी एकटी, हातात डबी. माझ्याच वयाची असेल, फार तर दोन वर्षांनी मोठी. पदर गळ्याभोवती असा घट्ट गुंडाळलेला की मला वाटलं थंडी वाजते आहे. आत येऊन तिने दार स्वतःच लोटून घेतलं आणि पदर सोडला. आबा, गळ्यावर दोन्ही बाजूंनी बोटं होती. काळीनिळी. एका बाजूला नखं रुतली होती तिथे रक्त वाळलेलं. ‘दवाखान्याचं सांगून आलेय, ताई. बस सुटायच्या आत जायचंय,’ ती म्हणाली. ‘भावाला दावायचंय. त्यो म्हणायलाय, तूच भांडखोर हाईस. दाखवायला येस्तोवर वळ मावळतेत अन् मी खोटी पडते. फोटो आसला म्हंजी त्याला मानावंच लागंल.’ माहेर तिला परत घेईल की नाही, हे त्या एका फोटोवर होतं. तिने मान वर केली, हनुवटी उचलली, आणि मी फोटो काढला.

कार्ड तसंच परभणीच्या लॅबला गेलं. पुढच्या बाजारी ती फोटो न्यायला आली तेव्हा तुम्ही होता. पाकिटातून फोटो काढून तुम्ही खिडकीशी नेला, पुन्हा आत आणला, पुन्हा खिडकीशी नेला. चेहरा गोरापान, गळा धुतल्यासारखा स्वच्छ. एक डाग नव्हता. ‘परत काढू, पोरी, बस इथं,’ तुम्ही म्हणालात. तिने पदर बाजूला केला आणि म्हणाली, ‘आता कुठं राहिलेत, आबा?’ तोच फोटो घेऊन ती गेली, कारण दुसरा नव्हता. ती गेल्यावर तुम्ही माझ्याकडे वळलात. ‘फ्लॅश बंद केलता का?’ मी म्हणाले, ‘केलता की. कॅमेऱ्यानं आपोआपच चालू केला.’ तुम्ही माझ्यावर हात उचलला नाहीत. डबी उचललीत आणि भिंतीवर अशी आपटलीत की कोपऱ्याचा पत्रा वाकला. ‘ह्या डबीनं घात केला,’ म्हणालात.

दीड महिन्याने ती घरातल्या आढ्याला लटकलेली सापडली. सासरच्यांनी सांगितलं, तिनेच जीव दिला. सांगणारे तेच आणि ऐकणारेही त्यांचेच. मग कुणीतरी त्यांना कळवलं की बाईने पालमला जाऊन फोटो काढले होते. चौघं आले. भरदुपारी, समोर बस उभी, लोक बघतायत. ‘आमच्या घरच्या बाईचे फोटो काढायला तुला कोण सांगितलं व्हतं रे?’ आणि आधी काच, मग दिवे, मग तुम्ही. तुमच्याच कॅमेऱ्याच्या तिकाटण्याने तुम्हाला मारलं. मनगट मोडल्याचा आवाज मी ऐकला. ओली फांदी मोडावी तसा. मी दिव्याचा स्टँड उचलून एकाच्या कानशिलात घातला, आणि खोटं कशाला बोलू, तो खाली पडला तेव्हा मला बरं वाटलं. पुन्हा घालायला गेले तर दुसऱ्याने माझे केस धरून मला भिंतीवर फेकलं. तिच्या नवऱ्याने खण उपसले, फोटोची जादा प्रत शोधून काढली आणि उजेडात धरली. बघत राहिला. मग हसला. ‘ह्येच्यात काय हाय? फोटो तर एकदम फस्क्लास काढलाय की!’ फोटो त्याने फाडलासुद्धा नाही. टेबलावर ठेवून गेला.

तेराव्याच्या आदल्या दिवशी तिचा भाऊ आला. तुमचा हात गळ्यात बांधलेला, माझा ओठ सुजलेला. तुम्ही तिला दिलेलाच फोटो त्याने खिशातून काढला. फ्रेम करायची होती, हार घालायला. तिचा दुसरा चांगला फोटो घरात नव्हता. ‘वळ होते तिच्या गळ्यावर,’ तुम्ही म्हणालात. ‘ह्या पोरीनं डोळ्यानं बघितलेत.’ तो खाली बघून म्हणाला, ‘ती घेऊन आलती फोटो. आमी समदे बसून बघितला. काहीच दिसलं न्हाई, आबा. मी सोता तिला बसमधी बसवून दिलं.’ आणि तुमच्या टेबलावर डोकं आपटून घ्यायला लागला. मी त्याला धरलं नाही. तुम्ही एका हाताने धरलंत. ती फ्रेम तुम्ही डाव्या हाताने बनवलीत, मला हात लावू दिला नाहीत. वर केलेली मान बघून तेराव्याला बायका म्हणत होत्या म्हणे, कशी ताठ होती बघा.

मनगट वाकडंच जुळलं. मोठा कॅमेरा पेलेना आणि छोट्याला तुम्ही शिवेनात. पाच वर्षं खुर्चीत बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत राहिलात की यंत्रावर भरवसा ठेवू नका, डबीने एका बाईचा जीव घेतला. मी शेजारी बसून ऐकत होते. मरायच्या आदल्या आठवड्यातही तुम्ही दवाखान्यातल्या नर्सला तेच सांगितलंत, आणि मी तुमच्या अंगावरचं पांघरूण सारखं करत होते.

म्हणून आज दोन्ही कॅमेऱ्यांची तुलना केली. नव्यात तर विचारूच नका; दंडावरची एकेक लव दिसते, नख रुतलं तिथे साकळलेलं रक्तही दिसतं. मग डबीला नवी बॅटरी घातली. फ्लॅश बंद केला. डबी बंद केली, पुन्हा चालू केली. फ्लॅश बंदच. दहा वेळा करून बघितलं, दहाही वेळा बंदच. तिने आपोआप कधीच काही केलं नव्हतं. आणि खिडकीकडून काढलेला डबीचा फोटो नव्याच्या पासंगालाही पुरणार नाही, दाणेदार आहे, रंग फिके आहेत, पण पाचही बोटं मोजता येतात. भावाला मोजता आली असती.

हे पत्र तुमच्या हातात पडणार असतं तर मी लिहिलंच नसतं. फ्लॅश बंद करायला मी विसरले होते, आबा. ते तुम्ही एका टपलीत सोडून दिलं असतंत. पण फोटो दोन सेकंद काचेवर आला तेव्हाच मी पाहिलं होतं की गळा पांढरा आलाय, आणि का आलाय तेही तिथल्या तिथे कळलं होतं. दुसरा काढायचा होता, बस. पण बॅटरीचं चिन्ह लाल झालं होतं, लाइट सकाळपासून गेलेली, आणि त्या दुपारी मैत्रिणीची हळद मला पहिल्यांदाच एकटीने काढायची होती. ती बाई मान वर करून तशीच बसली होती. ‘आलं का, ताई?’ तिने विचारलं. ‘आलं की,’ मी म्हणाले, ‘लय छान आलं.’

हळदीचे फोटो सगळे चांगले आले होते.