उन्हात ठेवलेल्या बाटल्या

ठाणे, चैत्र, गुरुवार संध्याकाळ

बाटलीत साखर किती घातली म्हणजे फेस येईल, पण काच फुटणार नाही? बी.एस्सी. होऊनही मला सांगता येत नाही. उद्याच्या हळदीकुंकवासाठी आल्याच्या पेयात बेकरीतलं यीस्ट घालून बुचं घट्ट बांधली होती. दुपारी गच्चीवर एक बाटली फुटली.

आई म्हणाली, "अगं, लोणच्याला ऊन दाखवतो तसं मीच दाखवलं बाटल्यांना!"

बाबा ओरडले, "दारूबंदीत आपल्याकडेच स्फोट! शेजारी हातभट्टी समजतील!"

साखर जास्त झाली, की उन्हानेच फेस चढला? दोन्ही एकदम घडलं, आता कळणार कसं? पण उद्या बायकांबरोबर लहान मुलं येतील. काच उडाली तर?

बाकीच्या बाटल्या मोरीत रिकाम्या केल्या, पन्ह्यासाठी कैऱ्या उकडल्या. एक बाटली मात्र ओल्या पोत्यात गुंडाळून सावलीत ठेवली आहे. तीही फुटली, तर दोष साखरेचाच.