शुभाच्या वयातली दोन वर्षं

८ नोव्हेंबर, शनिवार
अकोला. शुभासोबत दवाखान्यात. सगळीकडे नवरा-बायको; बहिणीसोबत आलेला भाऊ मी एकटाच. खुर्च्या चौदा, पंखे तीन, एकाचं बेअरिंग गेलेलं. पंख्याकडेच पाहत बसलो.

डॉ. बाई चांगल्या. कागदावर चित्र काढून समजावलं. दहा-बारा दिवस पोटात इंजेक्शनं, मग भूल देऊन स्त्रीबीजं काढायची, गोठवून ठेवायची. पुढे लग्न झालं, मूल हवं वाटलं, तर उपयोगी. मी रिपोर्टबद्दल दोन प्रश्न विचारले. "तुम्ही मेडिकल लाइनमध्ये?" म्हटलं, मोटार रिवाइंडिंग, अमरावती. दहावी नापास. जे येतं ते वाचून येतं. शु. टेबलाखालून पाय मारत होती.

रिपोर्टमध्ये बीजांची संख्या थोडी कमीकडे. बाई म्हणाल्या, "संख्या तपासणीत दिसते. बीजाचा कस मात्र वयावरूनच धरावा लागतो. तुम्ही छत्तीसच्या. मेपर्यंत थांबायचं तर थांबा. अडतीसच्या असत्या तर मी थांबू दिलं नसतं."

शु. खूश. ज्युनिअर कॉलेजात शिकवते; आधी बारावीची प्रॅक्टिकल्स, मग बोर्ड, मग कॉलेजला सुट्टी. मेमध्ये करू म्हणाली.

परतीच्या बसमध्ये तिकिटामागे सालांची वजाबाकी केली. बडनेरा आलं तरी तीच करत होतो.

९ नोव्हेंबर, रविवार
लिहून टाकतो. कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

शु. अडतीसची आहे.

जन्म सत्त्याऐंशी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तेल्हारा. त्याच वर्षी मी दहावीत आपटलो, त्यामुळे चूक होणं शक्य नाही. आई गेली तेव्हा ती तीन वर्षांची. आत्याकडे राहिली, आत्याने शाळेत घातलंच नाही. पंचाण्णव साली मी तिला अमरावतीला आणलं आणि पहिलीत घालायला नेलं. आठवं सरत आलेलं, अंगाने बारकी. कागद कुठलाच नव्हता. गुरुजींनी एक जून टाकला, सगळ्यांना तोच टाकायचे. साल मी सांगितलं. एकोणनव्वद. वर्गात पोरीला कुणी घोडी म्हणू नये म्हणून. आणि नोकरी लागली तर दोन वर्षं जास्त मिळतील, हेही डोक्यात होतंच. चोवीस वर्षांचा होतो. स्वतःला फार हुशार समजत होतो.

एक जून खोटा हे तिला माहीत आहे. हसते दरवर्षी, "आमच्या अर्ध्या स्टाफचा वाढदिवस एकाच दिवशी." सालावर कधी शंका घेतली नाही. साल दादाने सांगितलेलं.

११ नोव्हेंबर, मंगळवार
हरभऱ्याच्या ओलिताचे दिवस, दुकानात मोटारींची रांग. पाच एचपीच्या मोटारीत एका स्लॉटला चार वेढे कमी भरले. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा. सगळी तार काढून परत भरली. चांदूर बाजारचं गिऱ्हाईक म्हणे, "काय मिस्त्री, आज तुमचीच वाइंडिंग जळली काय?"

सांगितलं तर? नोकरीवर येतं का? नाही सांगितलं आणि ती मेपर्यंत थांबली तर? अडतिशीतल्या बीजांबद्दल वाचायला बसलो, दोन पानांवर बंद केलं. वाचायला घाबरलो असं आधी झालेलं नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
शेवटी बायकोला, नलूला सांगितलं. मेथी निवडत होती. हात थांबला नाही.
"मी समजलेच होते. लग्न होऊन मी आले, अन् वर्षाभरात तिची पाळी सुरू झाली. दहा वर्साच्या पोरीले?"
"मग बोलली काहून नाही?"
"तुमचं माप चुकते असं कोण म्हणन तुमाले?"

मग तिने शु.ला पाहायला आलेल्या परतवाड्याच्या पाहुण्याची आठवण काढली. शिक्षक होता, शु.ला आवडलेला. मी म्हणालो होतो, घाई काय, एकोणतीसचीच आहे. एकतीसची होती. हे मी लोकांना फसवायला म्हणालो नव्हतो. माझं खोटं तोवर मलाच खरं वाटायला लागलं होतं.

"फोनवर नोका सांगू," नलू म्हणाली. "समोर जा."

१६ नोव्हेंबर, रविवार
अकोला, शु.ची खोली. चहा देऊन बसली तसं सांगितलं.

आधी हसली. "दादा, फेकू नको." मग माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि चष्मा काढला.
"तरीच. आठवीत मी साऱ्या पोरींमध्ये उंच काहून होते."

मग म्हणाली, "त्या दिवशी बाई छत्तीस म्हणाल्या. तू बाजूलेच बसून होता. बाकी सारं इचारत होता."
मी कप खाली ठेवला.
"परतवाड्याच्याले मी हो म्हणणार होते. तू थांब म्हणाला. म्हटलं, दादा म्हणते तर आहे अजून वेळ."

चहा दोघांचाही राहिला. स्टँडवर सोडायला आली नाही. नेहमी येते.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
दवाखान्यात एकटीच जाऊन आली. फोन नलूला, मला नाही. खरं वय सांगितलं. बाई म्हणाल्या, मे विसरा. आता पाळी आली की दुसऱ्या दिवशी सोनोग्राफी, त्याच दिवशी पहिलं इंजेक्शन. हो की नाही, तोवर ठरवा.

नलूला म्हणाली, "वहिनी, मले भेव वाटून राहिलं. सुईचं नाही. एवढं करून दोन-तीनच निघाले तर? आता निदान आशा तरी आहे."

मी दाराआड उभा राहून ऐकत होतो. चोरासारखा.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
नलूला विचारलं, तिची तारीख कधीची?
"तुमीच इचारा. सारं तर मोजता."

भावाने बहिणीला हे कसं विचारावं? तिला पहिल्यांदा आली तेव्हा मी आठ दिवस नीट समोर गेलो नव्हतो. सगळं नलूने पाहिलं. उद्या असेल, दहा दिवसांनी असेल. आलीही असेल आणि तिने ठरवून जाऊ दिली असेल.

"जेवली का" असा मेसेज टाकला. दोन निळ्या खुणा. उत्तर नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार
अकरा वाजता, दुकानात, फोन.
"दादा."
आठ दिवसांनी आवाज. मागे पोरींचा गलका, कॉलेजातच असावी.
"आज पहिला दिवस आहे."

बरं, म्हणालो. हातात तार होती, तशीच धरून उभा.

"उद्या साडेदहाले बोलावलं. मी जाईन का नाही, मले माईत नाही."
"मी येऊ?"
"ये." मग, "पण मले काही समजावू नको."

२५ नोव्हेंबर, मंगळवार
एस.टी.त लिहितो आहे, अक्षर हलतं आहे. सव्वासातची गाडी, सतरा मिनिटं उशिरा सुटली. नलूने बजावलंय, "चूप बसजा. तिच्या हातात हात द्या अन् चूप बसजा."

मूर्तिजापूरला फोन केला, उचलला नाही. नंतर एकदा केला. तेच.

दवाखान्याच्या दारात नसली तर खोलीवर जाईन. ती आज जाऊ देईल की काय, ही एक भीती. गेली आणि सोनोग्राफीत काहीच दिसलं नाही, ही दुसरी. कोणती मोठी, ठरत नाही.

बोरगाव मंजू आलं. अजून वीस-पंचवीस मिनिटं. हो म्हणाली तर मागे उभा राहायचं, हे पक्कं केलंय. नाही म्हणाली तरी मागेच उभा राहायचं, हे अजून पक्कं होत नाही.