दारात थांबलेल्या शेळ्या

आफ्रिका, फेब्रुवारी २००१

तीर्थरूप मायला हनुमानचा पाया पडून नमस्कार.

मी बरा हाव. शांतिसेनेत ज्वारीची भाकर न्हाई, पण भात पोटभर भेटतो. बाचा खोकला कसा हाय?

इथल्या बंडखोरांच्या म्होरक्याला सरकार मानायचं का न्हाई, हे ठरवायला परवा परदेशी साहेब आले. म्होरक्यानं त्यांना एका गावात नेलं. आमी पहाऱ्याला व्हतो. गावभर माणसं त्याच्या नावानं टाळ्या वाजवून राहिली व्हती.

दिवस कलला तशा रानातून शेळ्या आल्या. मागं राखणारं कोणी न्हाई. कासा तटतटलेल्या, दूध गळून राहिलं. एकेक शेळी आपापल्या दारात जाऊन वरडू लागली. येवढ्या माणसांत धार काढायला कोणीच उठलं न्हाई. कोणती शेळी कोणाची, हेच त्यांना ठाव नव्हतं.

साहेबानं विचारलं, काहून वरडतात? म्होरक्या म्हणला, "त्याबी मलाच मानतात." समदे हसले.

आज रेडिओवर सांगितलं, त्याला मानलं म्हणून.

माय, त्या घरांतली खरी माणसं कुठं गेली असतील?

तू काळजी करू नको. फक्त सांजच्याला आपल्या शेळ्या आल्या की दारात तूच उभी राहत जा. आन् कोणती पहिली आली, तेवढं आपल्या शाळेत जाणाऱ्या सीमाकडून लिहून धाड.

तुझा,
हनुमान